तडा दाखवणाऱ्याचं काय करायचं?

"सात हजार," चाचा म्हणाले. मग खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी ब्लॉकच्या डाव्या अंगाला एक लांबट गोल काढला. "आन् हितं तडा हाय. आधीच बघून घ्या. मागनं म्हनू नका, सांगितलं न्हाई म्हनून."

आम्ही तिघं वाकून बघू लागलो. मी, माझा मामेभाऊ आणि उद्यमनगरातले मिस्त्री. मामेभावाला आम्ही सगळे दादाच म्हणतो. कोल्हापुरात त्याची ओम्नी आहे, शाळेच्या मुलांना ने-आण करणारी. जूनमध्ये एका सकाळी रेडिएटरचा पाइप फुटला. काटा वर चढलेला त्याला दिसला होता. पण मुलांची चाचणी परीक्षा होती, शाळा दोन किलोमीटरवर होती, म्हणून त्याने गाडी तशीच दामटली. मुलं वेळेत पोचली. इंजिन मात्र पोचलं नाही. डिपस्टिक बाहेर काढली तर तेलाच्या जागी दुधाच्या चहासारखं काहीतरी लागलेलं. मिस्त्रींनी हेड उतरवलं आणि दोन सिलिंडरच्या मधल्या भिंतीतली केसाएवढी चीर दाखवली. "ह्यो ब्लॉक गेला," ते म्हणाले. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगावं तसं.

ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं. नव्या ब्लॉकचा विचार दादाने एका फोनमध्येच सोडून दिला. राहिली भंगाराची दुकानं. त्या दिवशी आम्ही दोन बघितली आणि दोन्ही ठिकाणी एकेक ब्लॉक होता. हा लेख त्या दोन ब्लॉकांबद्दल आहे. खरं तर तो आमच्याबद्दल, म्हणजे विकत घेणाऱ्यांबद्दल आहे.

पहिल्या दुकानातला ब्लॉक चंदेरी रंगात न्हालेला होता. किंमत अकरा हजार. "एकदम ओके. लावा आन् पळवा," दुकानदार म्हणाला. मिस्त्रींनी थिनर आणि फडकं मागितलं, बाजूचा थोडा रंग पुसून बघावा म्हणून. त्यावर उत्तर आलं, "घेतल्यावर काय करायचं ते करा." आता रंग मारणं म्हणजे लबाडी असं नाही. बिडाला गंज लवकर धरतो आणि कितीतरी प्रामाणिक माणसं रंग मारूनच माल ठेवतात. हे मिस्त्रींनीच मला नंतर सांगितलं. रंगाचं त्यांना काही वाटलं नव्हतं, त्यांना खटकलं ते फडकं नाकारणं.

दुसरं दुकान चाचांचं.

पुढचं कळायला बिडाबद्दल थोडं सांगायला हवं. कोल्हापूर हे फौंड्रीचं गाव. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत रोज कितीतरी बीड ओतलं जातं, त्यामुळे इथल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही बाहेरचे असाल तर एवढं लक्षात ठेवा. बिडात ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपात धातूत विखुरलेला असतो. या पाकळ्यांमुळे बीड ओतायला सोपं, कापायला सोपं आणि दाब सोसायला पक्कं. ओढलं की मात्र या पाकळ्यांच्या कडांवरूनच ते फाटतं. लोखंडी पट्टी वाकते, बीड वाकत नाही, ते तडकतं. वेल्डिंगला नेलं तर वेल्डिंगच्या उष्णतेनेच शेजारी नवा तडा जाऊ शकतो. म्हणून जाणकार कारागीर तडा जोडत नाही, तो शिवतो. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तड्यावर ओळीने भोकं पाडून, आटे काढून त्यांत पिना पिळायच्या. प्रत्येक पिन आधीच्या पिनेला थोडी खाऊन बसते. शेवटी वरून ठोकून सपाट करायचं. याला टाकेच म्हणतात.

तड्याची जागाही बघावी लागते. सिलिंडरच्या मधे किंवा क्रँक बसते त्या बैठकीत तडा असेल तर तो ब्लॉक वजनावरच विकावा. बाहेरच्या भिंतीला, म्हणजे आत पाणी खेळतं त्या जॅकेटला तडा असेल तर तिथे ताण कमी असतो आणि काम नीट झालं तर टाके टिकतात. चाचांच्या ब्लॉकचा तडा चार बोटं लांब होता आणि नेमका बाहेरच्या जॅकेटला होता. मिस्त्रींनी हातोडीने ब्लॉक तीन-चार ठिकाणी वाजवून बघितला. कुंभाराकडे माठ घेताना आजी बोटाच्या पेराने वाजवायची, अगदी तसा. मग उठून ते दादाच्या कानाजवळ म्हणाले, "शिवून हुईल."

हे ते हळू आवाजात म्हणाले. ते हळू का म्हणाले, हा प्रश्न पुढे येईल.

आता दादाने काय केलं ते. त्याने तोंड वाकडं केलं, खडूच्या गोलावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "चाचा, तडा हाय की ओ ह्याला. सात कसले, चार हजारात द्या."

त्यावर चाचा जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "तडा हाय म्हनूनच सात. नसता तर बारा सांगितलं असतं. तडा मीच दावला आन् आता माझ्याच तड्यानं मला हाणताय व्हय?"

*

एरवी या विषयावर लिहिताना आपण विकणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर लिहितो. त्याने दोष सांगावा की नाही, आणि सांगावा तर किती. हा प्रश्न फार जुना आहे. इ.स.पूर्व ४४ मध्ये सिसेरोने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक माणूस आपलं घर विकायला काढतो. घर रोगट आहे, लाकूड किडलेलं आहे आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने सांगावं का? स्टोइक गुरू डायोजिनीस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, आणि घ्या असा आग्रह कुणी धरला होता? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं, नाहीतर वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखंच ते आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

आपला कायदा मात्र गुरूच्या बराच जवळ उभा आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे असंही म्हटलं आहे. खाली उदाहरणं दिली आहेत आणि ती एका घोड्याची आहेत. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळेच सांगण्याचं कर्तव्य येतं. तिसऱ्यात 'ब' म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन, आणि 'अ' गप्प राहतो. इथे गप्प राहणं हे बोलण्यासारखंच.

कायद्याच्या पुस्तकात इतकी चांगली कथा मी दुसरी वाचलेली नाही. एकच घोडा, एकच खोट, एकच मौन. नातं बदललं की मौनाचा अर्थ बदलतो, प्रश्न विचारला तरी बदलतो. कलम १९ आणखी एक गोष्ट सांगतं. साधी काळजी घेऊन ज्याला सत्य शोधता आलं असतं, त्याला नंतर समोरच्याच्या मौनाकडे बोट दाखवून करार मोडता येत नाही. म्हणजे वाजवून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची. याज्ञवल्क्य स्मृतीत तर कशाची पारख किती दिवसांत करायची याची यादीच आहे. बियाण्याला १० दिवस, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नाला ७, आणि लोखंडाला फक्त १. (त्याच यादीत दास-दासीही आहेत, हे सांगितल्याशिवाय तिचं कौतुक करू नये.) लोखंडाला एकच दिवस, कारण लोखंड लगेच वाजवून बघता येतं, असं मी समजतो.

पण या सगळ्यांत एक गोष्ट मला सापडत नाही. विकणाऱ्याने स्वतःहून दोष सांगितला, मग पुढे काय? घेणाऱ्याने त्या सांगण्याचं काय करायचं? सिसेरोचं घर आणि कलम १७ चा घोडा, दोन्हीकडे विकणारा गप्प आहे. चाचा गप्प नव्हते. त्यांनी खडू काढला होता.

*

दादाची बाजू मला कळत होती आणि तिच्यात दम होता. तो म्हणत होता की घासाघीस हा खेळ आहे आणि तो दोघांनाही ठाऊक आहे. चाचांनी सात म्हणताना पाच मनात धरले असतील. तडा त्यांनी भलेपणाने दाखवला कशावरून? मिस्त्री बरोबर होते, तडा पाच मिनिटांत सापडला असता. शिवाय चाचांचं गिऱ्हाईक म्हणजे गावातले मिस्त्रीच. एकाला फसवलं तर दहा तुटतील. म्हणजे तो प्रामाणिकपणा नव्हता, धंदा होता.

कांटने १७८५ साली याच दुकानदाराबद्दल लिहिलं आहे. अडाणी गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे न घेणारा दुकानदार. लहान मूलसुद्धा त्याच्याकडे निर्धास्त खरेदी करू शकतं. पण कांट म्हणतो, तो कर्तव्य म्हणून तसं वागतो असं त्यावरून ठरत नाही. कदाचित त्यात त्याचा फायदा असेल. ठीक आहे. पण मला वाटतं हा प्रश्न दुकानदाराने रात्री झोपताना स्वतःला विचारावा. त्याच्या समोर उभं राहून भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाने तो विचारला की त्याला वेगळाच वास येतो. तुझा हेतू शुद्ध नव्हता, म्हणून तुझ्या खरेपणाची किंमत मी देणार नाही. हे तत्त्वज्ञान तीन हजार वाचवायला फार सोयीचं आहे.

चाचांचा मुद्दा साध्या हिशोबाचा होता. तड्याचे पैसे किमतीतून आधीच वजा झाले होते. दादा ते दुसऱ्यांदा वजा करू पाहत होता आणि त्यासाठी हत्यार म्हणून चाचांनी दिलेली माहितीच वापरत होता. रंगवलेल्या ब्लॉकच्या दुकानात हे करता आलं नसतं, कारण तिथे बोट ठेवायला खडूचा गोल नव्हता. तिथे दादाने अकराचे साडेदहा केले होते आणि तेवढ्यावर तो खूश होता. न दिसणाऱ्या दोषावर पाचशे उतरवून खूश आणि दाखवलेल्या दोषावर तीन हजार मागून नाखूश. हे मी त्याला तिथेच सांगितलं. "तू गप्प बस, लेका," तो म्हणाला. थोरला आहे, म्हणू शकतो.

१९७० साली जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. २००१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. मुद्दा असा की कुठली गाडी चांगली आणि कुठली खराब हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो सरासरी भाव देतो. त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारातून निघून जातो. मग सरासरी आणखी खाली येते. शेवटी खराब मालच उरतो. हे वाचताना आपण लबाड विक्रेत्याला दोष देतो. चाचांच्या दुकानात मला त्याची दुसरी बाजू दिसली. तडा दाखवला की भाव दोनदा पडतो आणि रंग मारला की एकदाही पडत नाही, हे आपणच, घेणारे, रोज शिकवत असू तर रंगाचे डबे कोण विकत आणतंय? दुकानदार. आणि पैसे कोण भरतंय?

*

इथवर मी दादावर लिहिलं. आता माझं.

मागच्या वर्षी मी माझा फोन विकायला काढला. जाहिरातीत सगळं लिहिलं. बॅटरी हेल्थ ८१ टक्के, खालच्या कोपऱ्यात काचेला बारीक चीर, म्हणून किंमत इतकी. पहिल्या दिवशी सात मेसेज आले. त्यातल्या पाच जणांनी चीर आहे म्हणून आणखी दोन-तीन हजार कमी करा असं सांगितलं. किंमत चीर धरूनच लावली आहे, असं मी दोघांना लिहिलं. एकाने हसणारी इमोजी पाठवली, दुसरा ऑनलाइन असून गप्प झाला. मित्र म्हणाला, "लिहायचं कशाला? भेटल्यावर बघतील की." मी जाहिरात बदलली. खोटं काही लिहिलं नाही, फक्त चिरेचं वाक्य काढलं. फोटोत कव्हर घातलेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन गेला, पहिल्या भावाने. घेणारा कॉलेजचा मुलगा होता. त्याने कॅमेरा बघितला, स्पीकर बघितला, पण कव्हर काढलं नाही. मीही काढलं नाही.

कलम १७ प्रमाणे मी निर्दोष आहे. ते उदाहरण वाचून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. चीर खालच्या कोपऱ्यात होती, एवढी काही मोठी नव्हती, वगैरे. आणि तरी मला त्या मुलाचा चेहरा आठवतो आणि ते हसणाऱ्या इमोजीवाले पाच जण आठवत नाहीत. ते आठवायला हवेत असं आता वाटतं. त्यांच्यावर ढकलून मोकळं होण्यासाठी नाही. वाक्य मीच काढलं. पण ते वाक्य चोवीस तास तिथे होतं आणि त्या चोवीस तासांत त्याची शिक्षा मला मिळाली, हेही खरं.

हे फोन आणि इंजिनापुरतं असतं तर मी लेख लिहिला नसता. स्थळं बघताना लहानपणीचं हृदयाचं ऑपरेशन पहिल्याच भेटीत सांगणारं घर तुम्हाला माहीत असेल. त्यांना काय उत्तर आलं तेही माहीत असेल. 'कळवतो.' मुलाखतीत मधलं एक वर्ष रिकामं का हे खरं सांगणारी मैत्रीण असेल, आणि 'कौटुंबिक कारण' म्हणून पुढे सरकलेला मित्र. माणूस म्हणजे ब्लॉक नव्हे आणि ऑपरेशन म्हणजे तडा नव्हे, हे मला कळतं, त्यामुळे हा ताणा मी इथेच सोडतो. फक्त 'कळवतो' म्हणणारा आपल्याला कधी वाईट वाटला नाही, एवढं नोंदवून ठेवतो. त्याने तर काहीच केलेलं नसतं.

*

आता मिस्त्रींचा हळू आवाज. "शिवून हुईल" हे ते चाचांना ऐकू जाणार नाही असं बोलले. म्हणजे लपवाछपवी आमच्याकडूनही झाली. चाचांनी तडा दाखवला, मग आम्हीही 'हा तडा आम्हाला फार महाग पडणार नाही' हे मोकळेपणी सांगायला हवं होतं का?

यावर दादा आणि मी परत येताना बराच वेळ भांडलो आणि माझं मत दोनदा बदललं. शेवटी मी असा थांबलो. तडा ही ब्लॉकबद्दलची गोष्ट आहे. तो ज्याच्या हाती जाईल त्याच्याबरोबर जाणार, म्हणून घेणाऱ्याचा त्या माहितीवर हक्क आहे. टाके घालण्याचा हात ही मिस्त्रींची गोष्ट आहे. ती चाचांच्या दुकानातून विकत जात नव्हती. वीस वर्षं लेथवर उभं राहून मिळवलेलं कसब उघड न केल्याने चाचांच्या पदरात काही खोटं पडत नाही. कलम १७ चं शेवटचं उदाहरणही अशाच अंगाने जातं. एका व्यापाऱ्याला भाव बदलल्याची आतली बातमी आहे, ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. पण मग एक अट मला घालावीशी वाटते. कसब लपवा, हरकत नाही. मात्र ते लपवून वर 'ह्याला तडा हाय की ओ' असं म्हणत चेहरा पाडू नका. टाके स्वस्तात पडतील हे ठाऊक असताना तडा फार मोठा असल्याचं नाटक करणं हे मौन नाही. तो रंगच आहे, फक्त घेणाऱ्याच्या बाजूने मारलेला.

दादाला हे पटलं नाही. तो म्हणाला, मग बाजारात जायचंच कशाला, देवळात जावं.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. इंजिनचा नंबर ब्लॉकवरच ठोकलेला असतो आणि तोच गाडीच्या कागदांवर असतो. म्हणजे ब्लॉक बदलला की गाडीची ओळख बदलते आणि ती आरटीओत नोंदवावी लागते. चाचांनी कुठल्या गाडीतून ब्लॉक काढला त्याचा कागद आणि नंबर घातलेली पावती स्वतःहून दिली. रंगवाल्या दुकानात आम्ही कागदाचं विचारलंच नव्हतं. चोरीचा माल घेण्याबद्दलच्या कलमात, आता ते भारतीय न्याय संहितेचं ३१७ आहे, 'माहीत असताना' याच्या जोडीला 'तसं मानायला कारण असताना' असेही शब्द आहेत. न विचारणं हीही एक निवड असते, हे त्या शब्दांत आहे. आम्ही विचारलं नव्हतं, कारण उत्तर नको होतं.

*

ब्लॉक आम्ही चाचांकडूनच घेतला, साडेसहा हजारांना. पाचशे चाचांनी स्वतःच सोडले, चहाही पाजला. त्यामुळे दादा अजून म्हणतो, बघ, सात खरे नव्हतेच. असतील किंवा नसतील.

मिस्त्रींनी घेण्यापूर्वी खडूचाच आणखी एक उपयोग दाखवला होता. तड्याच्या बाहेरच्या बाजूला खडूची पूड चोळायची आणि आतून रॉकेल लावायचं. रॉकेल हल्ली कुठे मिळतं, म्हणून डिझेल. थोड्या वेळाने तडा जितका आहे तितकीच पूड ओली होते. ओली रेघ चार बोटांचीच निघाली. चाचांच्या गोलाच्या बाहेर ती कुठेही गेली नाही. टाके घातल्यावर मग सगळी तोंडं बंद करून ब्लॉकमध्ये हवा भरली आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवला. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसंच. बुडबुडा आला नाही. दादा एवढा वेळ टाकीत बघत बसला होता की मिस्त्री म्हणाले, "उठा आता, मासे न्हाईत त्यात."

ओम्नीत इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. सीट उचलली की समोर दिसतं. म्हणजे दादाच्या शेजारी जे मूल बसतं ते अक्षरशः त्या ब्लॉकवर बसतं. त्यामुळे गाडी सुरू झाल्यावर आमच्यापुढे जो प्रश्न आला तो मी आधी धरलेलाच नव्हता. आता तडा दाखवायची पाळी दादाची होती. नऊ मुलांच्या आईबापांना सांगायचं का? टाके पक्के आहेत. आणि फुटले तरी काय होईल? पाणी गळेल, काटा चढेल, गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील. ब्रेकचा दोष नव्हे हा. कुणी विचारलेलंही नव्हतं. पहिला घोडा.

आठवड्याने एका मुलीची आई दप्तर आत ठेवताना सहज म्हणाली, "इंजिन नवीन टाकलंत ना दादा? बरं झालं." आणि निघाली. तो तिसरा घोडा होता. दादाला कलम १७ माहीत नाही, मी त्याला ते अजून सांगितलेलं नाही. त्याने खाली उतरून तिला थांबवलं. "नवीन न्हाई ताई. जुना ब्लॉक हाय, बाहेरनं तडा हुता, शिवून घेतलाय. रोज सकाळी मी पाणी बघतो." मग, एकीला सांगितलं म्हणून, त्या संध्याकाळी बाकीच्या आठ घरीही सांगितलं.

महिनाअखेर दोन मुलं कमी झाली. एका घरून दुसरी गाडी लावल्याचा मेसेज आला. दुसऱ्या घरून काहीच आलं नाही, मूलच फाटकाशी आलं नाही. दुसरी गाडी म्हणजे कुठली, तिच्या सीटखाली काय आहे, हे मला माहीत नाही. त्यांनाही नसावं. वहिनी त्या रात्री एवढंच म्हणाल्या, "कुणी विचारलं हुतं का तुम्हाला आठ घरी?" दादा जेवत होता. मी समोर होतो. मी फोनची गोष्ट सांगणार होतो, पण सांगितली नाही.

दादाने मागच्या काचेवर 'दोन जागा शिल्लक' असा कागद लावला आहे. फोन आला की तो आधी शाळा विचारतो, मग भाडं सांगतो, मग ब्लॉकचं सांगतो. गेल्या आठवड्यात तिसरा फोन होता. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी रोज किती वाजता बघता तेही विचारलं. मग म्हणाल्या, ह्यांना विचारून कळवते.